सायकलने शाळेत येणाऱ्या मुलांना व्हीआरमधून रस्ता शिकवायचा तर : गावातल्या शाळांसाठी मार्गदर्शक

आपल्याकडे आठवीत गेलेल्या मुलीच्या हातात सायकल येते. कधी घरची, कधी मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली. तोल सांभाळायला ती घरी शिकते, भावाच्या मागे पळत शिकते. पण फाट्यावर उजवीकडे वळताना मागे कधी बघायचं, उभ्या काळी-पिवळीच्या पुढून निघताना कुठे थांबायचं, रेतीच्या टिप्परच्या कोणत्या बाजूला अजिबात जायचं नाही, हे तिला कोणी बसवून शिकवलेलं नसतं. रस्ते रुंद आणि गुळगुळीत झाले, गाड्यांचे वेग वाढले, आणि शाळेचा रस्ता मात्र त्याच फाट्यावरून जातो.

धोका दाखवायला मुलाला धोक्यात उभं करता येत नाही. व्हीआर हेडसेटचा, म्हणजे डोळ्यांवर लावून चहूबाजूंचं आभासी दृश्य दाखवणाऱ्या उपकरणाचा, खरा उपयोग इथे आहे. मूल वर्गात खुर्चीवर बसलेलं असतं आणि डोळ्यांसमोर त्याच्याच गावचा फाटा असतो. मान वळवली की मागून येणारा ट्रॅक्टर दिसतो, नाही वळवली तर दिसत नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शाळेत हा उपक्रम राबवताना जी माहिती एका जागी कुठे मिळाली नाही, ती इथे क्रमाने देतो आहे.

१. हेडसेटने काय शिकवायचं आणि काय नाही, हे आधी ठरवा

ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. आधी हेडसेट येतो, मग त्यात काय दाखवायचं याचा शोध सुरू होतो, आणि शेवटी मुलं रोलर कोस्टर बघून घरी जातात.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला या विषयात सर्वांत कामाचा वाटतो. त्यांनी १० आणि १२ वर्षांची मुलं आणि मोठी माणसं यांना जागेवर पक्क्या केलेल्या सायकलवर बसवलं आणि मोठ्या पडद्यांवरच्या आभासी रस्त्यावर वाहत्या रहदारीचे चौक ओलांडायला लावले. दोन गाड्यांमधली मोकळी जागा मुलांनी आणि मोठ्यांनी जवळपास सारखीच निवडली. पण मुलांना निघायला उशीर होत होता. त्यामुळे ती रस्ता ओलांडत असताना पुढची गाडी त्यांच्या जास्त जवळ येऊन पोचलेली असे.

याचा आपल्यासाठी अर्थ असा की मुलाला दोन वेगळ्या गोष्टी शिकवायच्या आहेत. कुठे बघायचं आणि थांबायचं की निघायचं, हे हेडसेटमध्ये शिकवता येतं. ठरवल्यावर पाय झटकन कसे चालवायचे, ब्रेक कसा दाबायचा, एक हात सोडून सरळ कसं जायचं, हे मैदानावरच शिकवावं लागतं. नुसता हेडसेट दाखवून मुलांना घरी पाठवणार असाल तर हा खर्च करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्धं शिकलेलं मूल नको तितक्या आत्मविश्वासाने रस्त्यावर उतरतं.

पहिल्या वर्षी चारच प्रसंग घ्या: पांदण रस्त्यावरून डांबरी रस्त्याला लागणं, फाट्यावर उजवीकडे वळणं, उभ्या एसटीच्या किंवा काळी-पिवळीच्या आडून निघणं, आणि डावीकडे वळणाऱ्या टिप्पर-ट्रॉलीच्या शेजारी सापडणं.

२. मुलांबरोबर रस्ता पायी चालून बघा

शाळा सुटल्यावर सायकलने जाणाऱ्या चार-पाच मुलांना घेऊन त्यांचा रोजचा रस्ता चाला. कुठे भीती वाटते, हे त्यांनाच विचारा. मोठ्यांना दिसत नाहीत अशा जागा मुलं दाखवतात: पऱ्हाटी (कापसाचं पीक) वाढली की वळणावर समोरचं दिसत नाही, साइडपट्टी खचल्यामुळे डांबराची कड उंच झाली आहे, रपट्यावर (ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावर) शेवाळ धरतं, जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग अर्धा रस्ता अडवते, सोयाबीन निघालं की लोक ते रस्त्यावरच वाळू घालतात आणि त्यावरून चाक घसरतं. हे सगळं एका कागदावर नकाशा काढून लिहा. चित्रीकरण कुठे करायचं, ते या नकाशावरून ठरेल.

३. साहित्य

*हेडसेट.* दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे पुठ्ठ्याचा किंवा प्लॅस्टिकचा चष्मा, ज्यात मोबाइल बसतो. तो काही शे रुपयांत मिळतो. पण मोबाइलमध्ये जायरोस्कोप (मोबाइल कुठे वळला ते ओळखणारा भाग) नसेल तर मान वळवली तरी चित्र वळत नाही, आणि स्वस्त मोबाइलमध्ये तो बऱ्याचदा नसतो. चष्मे मागवण्याआधी मोबाइल तपासा. दुसरा मार्ग मेटा कंपनीच्या क्वेस्टसारख्या, मोबाइल न लागणाऱ्या स्वतंत्र हेडसेटचा. तो महाग आहे, पण चित्र स्थिर दिसतं आणि डोळ्यांना त्रास कमी होतो. वर्गासाठी दहा चष्म्यांपेक्षा दोन-तीन चांगले हेडसेट मी घेईन. विकत घेताना हमी भारतात चालते का आणि दुरुस्ती कुठे होते, हे लेखी विचारून घ्या.

*कॅमेरा.* ३६० अंशांचा कॅमेरा लागतो. तो विकत घेण्यापेक्षा दोन दिवस भाड्याने घ्या. नागपूर-अमरावतीकडे लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडे चौकशी केली तर मिळू शकतो. सोबत उंच, बारीक काठीचा स्टँड घ्या.

*बाकीचं.* लॅपटॉप, यूएसबी केबल, पॉवर बँक, हेडसेटवर चढवायची सिलिकॉनची धुता येणारी गादी, अल्कोहोल नसलेले ओले टिश्यू, काच पुसायचं मऊ कापड, डोक्यावर घालायच्या कागदी टोप्या, न डुगडुगणाऱ्या खुर्च्या. मैदानासाठी फक्की, विटा, शिट्टी, रेडियमची पट्टी, पाना-पक्कड आणि हवेचा पंप.

४. परवानग्या आणि कागदपत्रं

खालचे कागद एका फाइलमध्ये लावून ठेवा. कोणी विचारलं की तीच फाइल पुढे करायची.

- मुख्याध्यापकांचं लेखी पत्र
- शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव (या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे इथे मंजुरी मिळाली की गावात शंका उरत नाही)
- जिल्हा परिषदेची शाळा असेल तर केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना माहितीचं पत्र
- रस्त्यावर चित्रीकरण आणि सरावाच्या दिवसासाठी पोलीस ठाण्याला अर्ज
- प्रत्येक मुलाच्या पालकाचं संमतीपत्र

संमतीपत्र साध्या भाषेत असावं आणि पालकसभेत वाचून दाखवावं. हा नमुना वापरा:

«माझा पाल्य/पाल्या ________, इयत्ता ____, याला/हिला शाळेत सायकल सुरक्षेसाठी व्हीआर हेडसेटवर एका वेळी पाच मिनिटांपर्यंत चित्रफीत दाखवण्यास व शिक्षकांच्या उपस्थितीत मैदानावर सायकलचा सराव घेण्यास माझी संमती आहे. त्याला/तिला फिट येणे, वारंवार डोके दुखणे, चक्कर येणे, डोळ्यांचा आजार किंवा शस्त्रक्रिया : आहे / नाही. असल्यास तपशील : ________. फोटो काढण्यास संमती : आहे / नाही.»

फिट येत असेल तर त्या मुलाला हेडसेट लावायचाच नाही. त्याला तीच फीत टीव्हीवर दाखवा. वयाचंही तसंच. मेटाच्या नियमाप्रमाणे १० वर्षांखालच्या मुलांसाठी हेडसेट नाही, आणि १० ते १२ वर्षांच्या मुलांसाठी पालकांच्या देखरेखीचं खातं लागतं. आम्ही सातवी-आठवीपासून, तेरा पूर्ण झालेल्या मुलांपासूनच सुरुवात करायला सांगतो. लहान वर्गांना टीव्ही आणि मैदान पुरेसं आहे. हेडसेटमध्ये शिक्षकाचं खातं ठेवा, मुलांची नावं, फोटो, जन्मतारखा त्यात भरू नका.

५. आपल्याच रस्त्याची फीत तयार करा

इंटरनेटवर परदेशी फिती भरपूर आहेत. त्यातल्या बऱ्याच देशांत गाड्या उजवीकडून चालतात. तसली फीत पाहून मूल चुकीच्या बाजूला आधी मान वळवायला शिकेल. म्हणून डावीकडून चालणाऱ्या आपल्याच रस्त्याची फीत हवी.

कॅमेरा चालत्या सायकलला बांधू नका. हा मोह सगळ्यांना होतो. खुर्चीवर स्थिर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांना आपण पुढे जातोय असं दिसतं, पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला तसं काहीच जाणवत नाही. या विसंगतीनेच मळमळ होते. कॅमेरा स्टँडवर स्थिर ठेवा, सायकलवर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि मूल जिथे थांबायला हवं नेमक्या त्याच जागी. रहदारीला हलू द्या, कॅमेऱ्याला नाही.

या कॅमेऱ्याला दोन भिंगं असतात आणि दोन चित्रं जोडून एक पूर्ण चित्र तयार होतं. जोडाच्या रेषेवर जवळच्या वस्तू फाटल्यासारख्या दिसतात. म्हणून एक भिंग थेट गाड्या येतात त्या दिशेला करा आणि जोड वावराच्या बाजूला येऊ द्या. फीत सकाळी घ्या, सूर्य समोर नको. प्रत्येक प्रसंग एक ते दीड मिनिटाचा पुरे. चित्रीकरणात मुलांना रस्त्यावर उतरवू नका. सायकलवर मोठं माणूस असू द्या, दोन्ही बाजूंना झेंडी घेऊन माणसं उभी करा. अपघात घडल्याचं नाटक तर अजिबात नको. घाबरलेलं मूल रस्ता बघायचं सोडून डोळे मिटतं.

एक फीत मात्र जरूर करा, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. गावातल्या एखाद्या टिप्परवाल्याला विनंती करून बंद, उभ्या टिप्परच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या जागी कॅमेरा लावा. बाहेर डाव्या पुढच्या कोपऱ्याला चिकटून एक सायकल उभी करा, दुसरी अगदी नाकासमोर, तिसरी मागच्या चाकाजवळ. हेडसेट लावलेलं मूल ड्रायव्हरच्या जागी बसतं, सगळीकडे बघतं आणि सायकली शोधू लागतं. जवळच्या सायकली खिडकीतून दिसत नाहीत, आरशात सापडलीच तर एखादी. «ड्रायव्हरला तू दिसत नाहीस» हे शंभर वेळा सांगून जे पोचत नाही, ते इथे अर्ध्या मिनिटात पोचतं. यानंतर मुलांना समजावून सांगा की लांब गाडी वळताना तिची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. म्हणून डावीकडे वळणाऱ्या गाडीच्या आणि रस्त्याच्या कडेच्या मधल्या फटीत कधीही शिरायचं नाही. मागे थांबायचं.

फितीवर आवाज द्यायचा तर तो गावच्या बोलीत द्या. पुस्तकी मराठीत दिलेल्या सूचना मुलं ऐकून सोडून देतात. «थांब. मांगं पाय. गाडी येऊन रायली का?» (मागे पाहा, गाडी येते आहे का?) एवढंच, आणि मग पाच सेकंद शांतता, म्हणजे मूल स्वतः बघेल.

तांत्रिक अडचणी दोन येतात. कॅमेऱ्यातली कच्ची फाइल तशीच हेडसेटमध्ये टाकली तर चालत नाही. ती कॅमेऱ्याच्या ॲपमधून ३६० अंशांच्या एमपी४मध्ये काढून घ्यावी लागते. आणि प्लेअरमध्ये ३६०चा पर्याय निवडला नाही तर चित्र ताणलेल्या चादरीसारखं सपाट दिसतं. फाइल मोठ्या असतात. सेकंदाला १०० मेगाबिट दराने काढलेली फीत मिनिटाला सुमारे ७५० एमबी होते. म्हणून शाळेत इंटरनेटवरून दाखवायचा विचार सोडा, केबलने आधीच भरून ठेवा. माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर ओळखू येत असतील तर ती फीत शाळेबाहेर पाठवू नका.

६. वर्गातला तास

चाळीस मुलं, तीन हेडसेट, एका मुलाला टोपी-पट्टा-पुसणं धरून पाच मिनिटं, म्हणजे सव्वा तास लागतो. शनिवारची सकाळची शाळा यासाठी उत्तम. बाकीच्या मुलांना तेवढा वेळ सायकल तपासणीला लावा (पायरी ७).

खोली सावलीची घ्या. भिंगावर थेट ऊन पडलं तर आतला पडदा जळून डाग पडतो, तो दुरुस्त होत नाही. हेडसेट खिडकीत किंवा उन्हातल्या गाडीत कधी ठेवू नका. मार्चनंतर आपल्याकडच्या उन्हात मोबाइल आणि हेडसेट तापून बंद पडतात, म्हणून उपक्रम हिवाळ्यात संपवा. वीज केव्हाही जाईल असं धरून सगळं आदल्या रात्री चार्ज करा.

मुलाला खुर्चीवर बसवूनच हेडसेट लावा. सायकलवर किंवा सायकलच्या स्टँडवर बसवून लावू नका, मूल पडतं. प्रत्येक हेडसेटमागे एक मोठं माणूस खुर्चीला हात लावून उभं हवं. दोन वेण्यांवर पट्टा घट्ट बसत नाही, तो वेण्यांच्या वरून घ्या. चष्मा असलेल्या मुलांसाठी आतली जागा वाढवणारी कडी बसवा. «गरगरतंय» म्हटलं की त्या क्षणी काढा आणि त्या दिवशी पुन्हा लावू नका. डोळे येण्याची साथ असेल तर हेडसेट कपाटातच राहू द्या. नुसतं पुसून भागत नाही.

मूल बघत असताना «समजलं का?» विचारू नका, सगळी हो म्हणतात. त्याऐवजी «टिप्पर कुठून येतोय, बोटाने दाखव», «आता निघशील की थांबशील?» असं विचारा. आणि मान बघा. उजव्या खांद्यावरून मागे मान न वळवणारी मुलं लगेच ओळखू येतात. त्यांची नावं लिहून घ्या, मैदानावर त्यांना जास्त वेळ द्यायचा आहे.

एक काळजी घ्या. हेडसेटमध्ये अंतर खऱ्यापेक्षा कमी भासतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून «गाडी इतकी लांब असेल तर निघा» असं हेडसेटमध्ये शिकवू नका. बघणं आणि थांबणं तिथे शिकवा, अंतर खऱ्या रस्त्याकडेला.

७. त्याच दिवशी मैदान

आधी सायकली. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, चाक फिरलं तर गुटके बदला. घंटी, हवा, चेनचं कव्हर, मागची रेडियमची पट्टी. सीटवर बसून पायाचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. नवीन मिळालेल्या सायकलचे सगळे नट मिस्त्रीकडून आवळून घ्या. ओढणी बांधलेली, दप्तर पाठीवर किंवा कॅरिअरला पक्कं. हँडलला लटकवलेलं दप्तर वळताना पुढच्या चाकात जातं.

मग फक्कीने फाटा आखा आणि हा क्रम घ्या.

- *तयार पेडल.* थांबल्यावर उजवं पेडल वर आणि थोडं पुढे आणून ठेवायचं, म्हणजे निघताना पहिल्याच दाबाला सायकल पुढे जाते. आयोवाच्या मुलांचा जो उशीर होता, तो इथे कमी करायचा आहे. शिट्टी वाजली की निघायचं, पुन्हा पुन्हा.
- *मागे बघून सरळ जाणं.* मागे उभ्या शिक्षकाने किती बोटं दाखवली ते मुलाने सांगायचं आणि सायकल दोन रेषांच्या मधेच राहिली पाहिजे. हे अवघड आहे, याला वेळ द्या.
- *दोन्ही ब्रेकने थांबणं.* विटेच्या आधी. घसरू न देता.
- *उजवा हात दाखवून वळणं.* हात दाखवला की गाडी थांबेलच, असं मुलांना वाटता कामा नये. हात नंतर, मागे बघणं आधी.

शेवटी मुलांना रस्त्यापासून लांब, कुंपणाच्या आत उभं करा. एखादं ठळक झाड आणि फाटा यांच्यामधलं अंतर गाडी किती सेकंदांत कापते ते मुलांना मोजू द्या. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर येते. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच ती २५ मीटर पुढे आलेली असते, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी किमान २० मीटर लागतात. भरलेल्या टिप्परला त्याहून जास्त. हे ४५ मीटर मुलांकडून पावलांनी मोजून घ्या. आकडा मुलं विसरतील, चाललेलं अंतर नाही विसरत.

८. रस्त्यावरचा पहिला दिवस

सहा मुलांमागे दोन मोठी माणसं, एक पुढे आणि एक मागे. एकामागे एक, डाव्या बाजूने, पण खचलेल्या कडेला चिकटून नाही. डबलसीट नाही. राष्ट्रीय महामार्ग ओलांडायचा असेल तर उतरून, सायकल हातात धरून, मधल्या दुभाजकापर्यंत आणि मग पुढे, हा नियम माझ्या मते सगळ्या वयांना लागू ठेवा. सोबत प्रथमोपचार पेटी आणि मोबाइल. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२.

महिन्याभराने फाट्यावर उभं राहून, मुलांना न सांगता, कोण मान वळवतं ते बघा. उपक्रम चालला की नाही, हे याच दिवशी कळतं. सही-शिक्क्यांच्या अहवालातून कळत नाही.

९. दर हंगामाला फीत बदला

जूनअखेर शाळा उघडते तेव्हाचा रस्ता आणि डिसेंबरातला रस्ता एक नसतो. पावसात रपटा, दिवाळीपूर्वी रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन, हिवाळ्यात संध्याकाळी लवकर पडणारा अंधार आणि दिवा नसलेल्या बंड्या (बैलगाड्या). निदान पावसाळा आणि कापसाचा हंगाम अशा दोन वेगळ्या फिती करा. शेजारच्या शाळेने हेडसेट मागितले तर जरूर द्या. पेटीत चार्जर, टिश्यू, कोऱ्या संमतीपत्रांच्या प्रती आणि बंद टिप्परमधली फीत घाला. ती फीत कुठल्याही गावाला चालते. फाट्याची फीत मात्र त्यांनी त्यांच्या फाट्यावरच काढावी.